दुखण्याआधी शोधावा लागणारा कर्करोग

पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड, सव्वा ते दीड किलो वजनाचे यकृत असते. बोलताना आपण त्याला लिव्हर म्हणतो. शरीरातला हा सर्वांत कष्टाळू कामगार. अन्नातून आलेली साखर साठवणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारे पदार्थ बनवणे, दारूपासून औषधापर्यंत जे जे पोटात जाईल त्याचे विष उतरवणे, अशी कितीतरी कामे ते रात्रंदिवस करीत असते. आणि कष्टाळू माणसाची जी खोड असते तीच यकृताचीही आहे. ते दुखले तरी सांगत नाही. यकृताच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. त्याच्यावरचे पातळ आवरण ताणले गेले तरच दुखते. यकृताचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो आणि माणूस आपला रोज कामावर जात राहतो.

यकृताच्या कर्करोगाची पंचाईत येथेच आहे. उजव्या कुशीत दुखू लागणे, भूक मरणे, वजन झपाट्याने उतरणे, पोटात पाणी होणे, डोळे पिवळे पडणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत गाठ बहुधा मोठी झालेली असते. मग वस्तीत म्हणतात, "दोन महिन्यांपूर्वी तर चांगला हिंडत-फिरत होता." हिंडत-फिरत होता हे खरेच. गाठ मात्र दोन महिन्यांची नव्हती.

म्हणून या आजाराच्या बाबतीत लक्षणांची वाट पाहणे हा मार्गच नाही. माणूस ठणठणीत असतानाच, ठरावीक मुदतीने रक्त तपासून आणि सोनोग्राफी करून गाठ लहान असताना पकडायची, हा मार्ग आहे. तो सर्वांसाठी नाही. कोणासाठी आहे तेवढे नीट समजून घेतले पाहिजे.

कोणाच्या यकृताला धोका?

यकृताचा कर्करोग सहसा निरोगी यकृतात होत नाही. (पोटातील, आतड्यातील किंवा स्तनातील कर्करोग पसरून यकृतात येतो, तो प्रकार वेगळा. येथे यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाविषयी लिहीत आहोत.) बहुतेक वेळा आधी अनेक वर्षे यकृताला सूज असते. सुजेच्या जागी व्रण पडतात, व्रणांचे जाळे होते, मऊ यकृत दगडासारखे कडक आणि गाठाळ होते. याला सिऱ्होसिस म्हणतात. अशा यकृतात पेशी सारख्या मरतात आणि नव्या तयार होतात. या धावपळीत एखादी पेशी बिघडते आणि कर्करोगाची सुरुवात होते. पहिल्या सुजेपासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास कित्येकदा वीस-तीस वर्षांचा असतो. वीस वर्षे हा काही लहान काळ नव्हे. त्यात पकडायला संधी पुष्कळ असतात.

सूज आणणारी कारणे मुख्यतः चार. हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे दोन विषाणू, दारू, आणि यकृतात साठलेली चरबी. चौथे कारण पूर्वी श्रीमंतांचे समजत. आता ते चाळीतही आले आहे, कारण मधुमेह आणि सुटलेले पोट आता चाळीतही आहे. दारूला कधीही हात न लावलेल्या बाईलाही सिऱ्होसिस होऊ शकतो, हे सासरच्या माणसांनी ध्यानात ठेवावे.

आणखी एक कारण धान्यात असते. दमट जागी ठेवलेल्या मक्यावर आणि शेंगदाण्यावर एक बुरशी येते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृत निकामी होऊन दगावली. ते विष एकदम पोटात गेले होते. तेच थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर कर्करोगाला हातभार लावते, विशेषतः ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याच्या बाबतीत. कुबट वासाचे, काळे-हिरवे पडलेले दाणे भाजून किंवा धुऊन निर्धोक होत नाहीत. ते फेकून द्यावेत.

कावीळ आणि माळ

कावीळ झाली की आपल्याकडे अजूनही दवाखान्याआधी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे झालेले दाखवतो. कोणी मंतरलेली माळ डोक्यावर ठेवतो. ती दिवसागणिक लांबत गळ्यात आली, गळ्यातून पोटावर आली की कावीळ उतरली! माळ लांबते ती काड्या सुकून दोऱ्याच्या गाठी सैल होतात म्हणून. आणि रोगी बरा होतो तो अशासाठी की दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. (गरोदर स्त्रीला ई प्रकार मात्र जिवावर बेततो. तेथे एक दिवसही घालवू नये.)

बी आणि सी हे प्रकार पाण्यातून होत नाहीत. ते रक्तातून जातात. त्यातही कित्येकांना कावीळ कधी होतच नाही. विषाणू यकृतात मुक्काम ठोकून बसतो आणि माणसाला पत्ता नसतो. डोळे पांढरे झाले, माळ उतरली, म्हणजे विषाणू गेला असे नाही. म्हणून ज्यांना कधी कावीळ झाली आहे आणि ज्यांना कधीच झालेली नाही, अशा दोघांनीही आयुष्यात एकदा रक्ताच्या दोन तपासण्या करून घ्याव्यात. एक एचबीएसएजी, ती बी साठी. दुसरी अँटी-एचसीव्ही, ती सी साठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यांतील बहुतेकांना स्वतःला हे ठाऊक नाही.

बी चा विषाणू अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लूमबर्ग यांच्या संशोधनातून उजेडात आला. १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. म्हणून जुने डॉक्टर या तपासणीला अजून 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणतात. १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

रक्तातली खूण

आता कर्करोगाच्या तपासणीकडे वळू. आईच्या पोटातील बाळाचे यकृत एक प्रथिन तयार करते, अल्फा फीटोप्रोटीन. डॉक्टर त्याला एएफपी म्हणतात. जन्मानंतर ते कमी होत जाते आणि पहिल्या वर्षाच्या सुमारास नावापुरते उरते. १९६३ साली मॉस्कोतील गॅरी अबेलेव यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात हे प्रथिन पुन्हा दिसले. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांना ते माणसाच्या रक्तातही आढळले. बिघडलेली पेशी जणू आपले बाळपणीचे काम पुन्हा सुरू करते! रक्ताच्या एका नळीत यकृताच्या कर्करोगाचा सुगावा लागतो, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

या शोधाची खरी परीक्षा झाली चीनमध्ये. यांगत्से नदी समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावर छीदोंग नावाचा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. यकृताच्या कर्करोगाने तेथे घरेच्या घरे पोखरली होती. हवा दमट, मुख्य अन्न मका, मक्यावर बुरशी आणि लोकांच्या रक्तात हिपॅटायटिस बी. १९७० च्या दशकात तेथे गावोगाव लोकांचे रक्त एएफपीसाठी तपासले गेले. पुढे १९८९ पासून हिपॅटायटिस बी असलेल्या ५,५८१ पुरुषांवर पद्धतशीर पाहणी झाली. काहींचे रक्त दर सहा महिन्यांनी तपासायचे, काहींचे नाही, आणि फरक पाहायचा. निकाल विचार करायला लावणारा होता. तपासलेल्यांचा आजार लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. कारण आजार सापडल्यावर पुढे द्यायला परिणामकारक उपचार तेथे नव्हते.

शेजारच्या शांघाय शहरात चित्र वेगळे होते. तेथील शल्यचिकित्सक तांग झाओयू हे १९७० च्या दशकापासून लहान गाठी लवकर शोधून कापून काढण्याचे काम करीत होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून ३५ ते ५९ वयाच्या १८,८१६ लोकांची पाहणी हाती घेतली. या साऱ्यांना हिपॅटायटिस बी होता किंवा यकृताची जुनी सूज होऊन गेली होती. निम्म्यांना दर सहा महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी अशा दोन्ही तपासण्यांसाठी बोलावले, निम्म्यांना नेहमीसारखे राहू दिले. तपासणीच्या गटात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. तपासणीच्या गटात ज्यांना कर्करोग निघाला त्यांपैकी ४६.५ टक्के लोकांची गाठ शस्त्रक्रियेने काढता आली. दुसऱ्या गटात हे प्रमाण होते फक्त ७.५ टक्के. आणि हे केव्हा, तर बोलावलेल्या तपासण्यांपैकी जेमतेम ५८ टक्के प्रत्यक्षात झाल्या असताना! या पाहणीच्या हिशेबाच्या पद्धतीवर काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, हेही सांगितले पाहिजे. तरी एवढ्या मोठ्या प्रमाणावर केलेली दुसरी अशी पाहणी नाही, आणि जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटना धोका असलेल्यांना सहामाही तपासणीच सांगतात.

छीदोंग आणि शांघाय यांतला फरक आपल्या कामाचा आहे. नुसता रिपोर्ट कोणाला वाचवत नाही. रिपोर्टनंतर रुग्णालयाचा दरवाजा उघडा असावा लागतो आणि माणसाने त्या दरवाजातून आत जावे लागते.

दोन तपासण्या का?

एएफपी एकटे भरवशाचे नाही. बऱ्याच लहान गाठी ते तयारच करीत नाहीत. उलट कर्करोग नसतानाही, निव्वळ यकृताच्या सुजेने किंवा गरोदरपणात ते वाढलेले दिसते. सर्वसाधारणपणे २० नॅनोग्रॅमच्या वर आकडा गेला की डॉक्टर सावध होतात आणि ४०० च्या वर गेला की संशय दाट होतो. पण एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. सहा महिन्यांपूर्वी ६, मग ११, मग १९ अशी चढण असेल तर १९ हा 'नॉर्मल' समजून घरी बसू नये. त्यासाठी जुने रिपोर्ट हवेत. आपल्याकडे रिपोर्ट दाराच्या मागे कॅरीबॅगमध्ये टांगलेले असतात आणि घर बदलताना, पावसाळ्यात, नाहीसे होतात. वीस रुपयांची फाइल आणून तारखेप्रमाणे लावून ठेवा.

सोनोग्राफी म्हटले की आपल्या बायाबापड्यांना गरोदरपणच आठवते. पण तेच यंत्र यकृतातली गाठ दाखवते. ध्वनिलहरी आत सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींचे चित्र बनवायचे, एवढेच ते करते. त्यात क्ष-किरण नाहीत, सुई नाही, दुखत नाही, कितीही वेळा केली तरी अपाय नाही. मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर बरेच अवलंबून असते, आणि पोटावर चरबी जास्त असेल किंवा यकृत फार गाठाळ झाले असेल तर लहान गाठ निसटते. अनेक पाहण्या एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की नुसत्या सोनोग्राफीने सुरुवातीच्या अवस्थेतील ४५ टक्के कर्करोग सापडतात. सोबत एएफपी केले की हे प्रमाण ६३ टक्क्यांवर जाते. म्हणजे दोन्ही करूनही काही निसटतातच. तरीही काहीच न करण्यापेक्षा हे कितीतरी बरे, आणि निसटलेले सहा महिन्यांनी पुन्हा पकडता येतात.

जपानमध्ये पिव्हका नावाच्या आणखी एका रक्ततपासणीची जोड देतात. आपल्याकडेही ती होते, पण एएफपी आणि सोनोग्राफी वेळेवर होत नसताना तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

सहाच महिने का? या गाठीचे आकारमान दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. आकारमान दुप्पट म्हणजे रुंदी दुप्पट नव्हे. लाडू दुप्पट मोठा केला तरी त्याची रुंदी पाव हिश्श्यानेच वाढते. दोन सेंटिमीटरची गाठ दुप्पट झाली की अडीच सेंटिमीटर होते. तेव्हा सहा महिन्यांत ती हाताबाहेर जात नाही, पण दोन वर्षे चुकवली तर जाते. दर तीन महिन्यांनी केल्याने जास्त फायदा होतो का, हेही पाहून झाले आहे. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये १,२७८ सिऱ्होसिसच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तसा फायदा दिसला नाही. तेव्हा उगाच घाईने पैसे घालवण्याचेही कारण नाही.

गाठ दिसली तर

सोनोग्राफीत ठिपका दिसला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. यकृतात साध्या, निरुपद्रवी गाठीही पुष्कळ असतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान ठिपका असेल तर बहुधा तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात. एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, किंवा एएफपी वाढले असेल, तर पुढची पायरी सीटी स्कॅन किंवा एमआरआय.

हा सीटी स्कॅन साधा नसतो, तो 'ट्रायफेजिक' असावा लागतो. शिरेतून औषध सोडून ठरावीक सेकंदांच्या अंतराने तीन वेळा चित्रे घेतात. त्यामागचे गमक मजेशीर आहे. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र आपला पुरवठा धमनीतूनच ओढते. म्हणून धमनीत औषध पोचते त्या पहिल्या चित्रात गाठ उजळ चमकते, आणि नंतरच्या चित्रांत बाकीचे यकृत उजळले की ती काळपट पडते. सिऱ्होसिस किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात असे स्पष्ट चित्र दिसले तर सुई घालून तुकडा काढण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. "सुई टोचली की कर्करोग पसरतो" ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे आणि तिच्यापायी लोक तपासणीच टाळतात. येथे तर सुईचा प्रश्न सहसा येतच नाही. स्कॅनच्या औषधाआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासतात, ती पायरी मात्र चुकवू नये.

लहान गाठीवर आज उपाय आहेत. यकृताची ताकद शाबूत असेल तर शस्त्रक्रियेने तो भाग कापून काढतात. यकृत हा असा अवयव आहे की उरलेला भाग वाढून जागा भरून काढतो. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर पोट न उघडता, सोनोग्राफीत बघत सुई घालून ती जागच्या जागी जाळता येते. यकृतच फार बिघडले असेल तर यकृत बदलण्याचा मार्ग उरतो. १९९६ साली इटलीतील मिलान येथील डॉक्टरांनी दाखवून दिले की गाठ एकच आणि पाच सेंटिमीटरपर्यंत असेल, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर यकृत बदललेल्यांपैकी ७५ टक्के चार वर्षांनंतर जिवंत होते. या मापापलीकडे गेलेल्या रोग्यांसाठी धमनीतून औषध सोडणे, गोळ्या, नवी इंजेक्शने आहेत. त्यांनी आयुष्य वाढते, आजार मुळापासून जाणे मात्र विरळा. सगळा खेळ सेंटिमीटरचा आहे.

तुम्हाला तपासणी हवी का?

ज्यांना सिऱ्होसिस आहे, कारण कोणतेही असो, त्या सर्वांना दर सहा महिन्यांनी हवी. दारू सोडली, चांगले झाले, पण सिऱ्होसिस झाला असेल तर तपासणी सुटत नाही. हिपॅटायटिस सी आता बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. पण बरा होण्याआधी सिऱ्होसिस झाला असेल तर याही माणसाची तपासणी चालूच राहते. हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये पुरुषांनी चाळिशीनंतर, स्त्रियांनी पन्नाशीनंतर, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला यकृताचा कर्करोग झाला असेल तर त्याआधीच, सिऱ्होसिस नसला तरी तपासणी सुरू करावी.

यांपैकी कशातच बसत नसाल तर एएफपी करण्याची गरज नाही. हल्ली प्रयोगशाळांच्या 'फुल बॉडी पॅकेज' मध्ये सवलतीत कर्करोगाच्या चार-पाच तपासण्या घालून देतात. त्यात एखादा आकडा थोडा वर निघतो आणि निरोगी माणसाचे घर महिनाभर झोपत नाही. त्याऐवजी तेच पैसे एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्हीला लावावेत. सरकारी रुग्णालयात तर तेही लागणार नाहीत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्यासाठी उपचार केंद्रे आहेत. बी ची गोळी बऱ्याचदा अनेक वर्षे घ्यावी लागते. तिने कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. "बरे वाटते" म्हणून ती मनाने बंद केली तर यकृताची सूज उसळून जीव धोक्यात येऊ शकतो.

आपल्यातल्या अनेकांना बी असल्याचे पहिल्यांदा कळते ते रक्तदान शिबिरातून. जयंतीला उत्साहाने रक्त दिले जाते, आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे येते. पुष्कळ जण घाबरून जातच नाहीत. ते बोलावणे म्हणजे शिक्षा नव्हे. वीस वर्षांच्या प्रवासात कोणीतरी वेळेवर हाक मारली, असे समजून जावे आणि सोबत मोकळेपणाने बोलता येईल असे घरचे एक माणूस न्यावे.

घरी आल्यावर दुसरी चूक होते. त्या माणसाचे ताट वेगळे होते, पेला वेगळा होतो. वेगळ्या पेल्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने किंवा बाळाला जवळ घेतल्याने होत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. वेगळे ठेवायचे ते दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश आणि नखे कापायचे यंत्र. नवरा-बायको, मुले, भावंडे यांनी रक्त तपासून घ्यावे, आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी. मोठ्या माणसांना तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात.

लशीचे महत्त्व किती? तैवानने जुलै १९८४ पासून नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधील यकृताचा कर्करोग निम्म्यावर आलेला दिसला. छीदोंगमध्येही १९८३ ते १९९० या काळात सुमारे ८० हजार बाळांची पाहणी सुरू झाली. तीस वर्षांनी पाहिले तेव्हा लस घेतलेल्यांत हा कर्करोग ८४ टक्क्यांनी कमी होता. जन्मताना लागण झालेल्या दहा बाळांपैकी नऊ जणांत विषाणू कायमचा राहतो. मोठ्या वयात लागण झाली तर शंभरातल्या जेमतेम पाच जणांत राहतो. म्हणून गरोदरपणी एचबीएसएजी तपासणी झाली का, हे सासूने आणि नवऱ्याने दोघांनी विचारावे. आईला बी असेल तर बाळाला पहिल्या चोवीस तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन मिळायला हवे. भारतात ही लस २०११-१२ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेक माणसांना, म्हणजे आज कामावर जाणाऱ्या जवळजवळ सर्वांना, ती बाळपणी मिळालेली नाही.

यात एका वर्गाकडे वेगळे लक्ष हवे. रुग्णालयातील सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया, आणि कचऱ्याच्या गाडीवरचे कामगार. पिशवीत हात घालताना वापरलेली सुई टोचणे ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट आहे. लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जातो. एचआयव्हीचा धोका हजारात तीन इतका आहे, आणि आपण घाबरतो ते एचआयव्हीला. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी ची लस देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. नियमात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. युनियनच्या माणसाला बरोबर घेऊन लेखी मागणी करा. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात नोंद करायला लावा. पुढचे इंजेक्शनही त्या नोंदीवर मिळते आणि भरपाईचा प्रश्न आला तर पुरावाही तोच.

गाठ निघाली आणि दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली उपचार मिळू शकतात. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन प्रथम त्याला गाठावे, पैसे भरून नंतर नव्हे. ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी बाह्यरुग्ण विभागातूनच करावे लागते.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसते 'पोटाची सोनोग्राफी' असू नये. 'हिपॅटायटिस बी, यकृतातील गाठीसाठी' किंवा 'सिऱ्होसिस, गाठीसाठी' असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. म्हणजे पाहणारा यकृतावर वेळ देतो. आधी सहा तास पोट रिकामे हवे, चहासुद्धा नको. सकाळचा पहिला नंबर लावला तर उपासही कमी होतो आणि दुपारपाळीला कामावर जाता येते. निघण्यापूर्वी खिडकीवर पुढच्या सहा महिन्यांची तारीख मागावी. ते देत नसतील तर घरच्या दिनदर्शिकेवर, गॅसच्या नंबराशेजारी, स्वतःच लिहून ठेवावी.